मालवणच्या हवेत दोन गिटार आणि घरचं रेकॉर्डिंग

चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, समुद्र हाकेच्या अंतरावर. असल्या घरात वर्षभर वाजवून आणि रेकॉर्ड करून झालेलं माझं मत: जून ते सप्टेंबर महागडी गिटार पेटीत ठेवा, प्लायची, म्हणजे लॅमिनेटेड लाकडाची, वाजवा.

माझ्याकडे दोन्ही आहेत. एक सॉलिड टॉपची, म्हणजे पुढची फळी अखंड स्प्रूसची. दुसरी यामाहा एफ३१०, तिचा टॉप लॅमिनेटेड. डिसेंबरात मी पहिलीच उचलतो; खर्जातली तिची गोलाई एफ३१०ला यायची नाही. पण पावसात अखंड फळी आडवी फुगते, ब्रिजमागे (तारा फळीवर जिथे अडकवतात त्या पट्टीमागे) पोट येतं आणि तारा वर उचलल्या जातात. बाराव्या फ्रेटवर अडीच मिलिमीटर असलेली ॲक्शन, म्हणजे तारेची फ्रेटपासूनची उंची, जुलैत साडेतीनच्या वर गेली. एफचा बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायच्या) धरला की अंगठ्याचं मूळ ठणकायचं. रात्री सुरात लावलेली गिटार सकाळी चढलेली असायची. फुगवटा टॉपचा असल्यामुळे ट्रस रॉड, म्हणजे मानेतली बाक सुधारायची सळई, फिरवून फारसं काही साधत नाही. लॅमिनेटमध्ये पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, ते एकमेकांना पसरू देत नाहीत. एफ३१० पावसाळाभर जवळपास होती तशीच राहिली. शिवाय तिची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ६३४ मिलिमीटर, मोठ्या गिटारींच्या ६५०पेक्षा आखूड, त्यामुळे बोटांना ताण कमी.

पेटीत सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारा) ठेवावाच. खोलीत नव्वद टक्के दाखवतो तेव्हा पेटीत साठच्या खाली आणता आलं तरी पुष्कळ. सिलिका गुलाबी पडली की भाजून पुन्हा निळी करता येते, पण निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं, स्वयंपाकाच्या भांड्यात भाजू नये. नारिंगी मिळते ती घ्या. (घरून आधीच ताकीद मिळाली होती: "माझ्या कढयेक हात लावू नको हां!")

आता रेकॉर्डिंग. कंडेन्सर माईकवर, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणाऱ्या नाजूक माईकवर, हिवाळ्यात तारेवरून सरकणारं बोटसुद्धा सुंदर येतं. पावसाळ्यात मात्र दमट हवेने तो मधूनच चरचरतो. कौलांवरचा पाऊस आणि परसातले बेडूक तर तो आधी ऐकतो, गिटार मागाहून. म्हणून चार महिने शुअर एसएम५७. १९६५पासून बाजारात असलेला हा डायनॅमिक, म्हणजे कमी नाजूक जातीचा, माईक. त्याला कंडेन्सरसारखा केबलमधून दिला जाणारा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागत नाही. चौदाव्या फ्रेटसमोर वीतभर अंतरावर, तोंड किंचित साउंडहोलकडे. थेट भोकासमोर धरलात तर नुसता घुमारा. या माईकवर चमक कमी मिळते आणि गेन, म्हणजे आवाजाची वाढ, बराच चढवावा लागतो, त्यामुळे इंटरफेसचा (माईक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याचा) प्रीअँप, म्हणजे आवाज वाढवणारा भाग, शांत हवा. माझा फोकसराइट स्कारलेट या कामाला पुरतो.

रातकिड्यांवर इलाज सापडलेला नाही. त्यांची किरकिर तारांची चमक असते त्याच पट्टीत, चार-पाच किलोहर्ट्झच्या आसपास. नॉइज रिडक्शन लावलं की किडे जातात आणि गिटार बोळ्यातून वाजल्यासारखी येते. म्हणून रेकॉर्डिंग दुपारी, जेवणं उरकून गाव आडवा झाल्यावर. तेव्हाही मासेवाल्याच्या स्कूटरचा भोंगा एखादा टेक खातोच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे होड्यांची इंजिनं गप्प. आणि नेमका तेव्हाच पाऊस!

लाईट गेली तर मी खूश. पंखा, फ्रीज, शेजारचा पंप सगळं थांबतं. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस यूएसबीवर, आणि चार्जर निघाल्यामुळे आमच्या जुन्या अर्थिंगची घूं घूं पण जाते. माझे बरे म्हणावेत असे बहुतेक टेक लाईट नसतानाचेच आहेत.

तारांवर मात्र काटकसर नको. साध्या फॉस्फर ब्रॉन्झ सेटमधल्या पहिल्या दोन तारांवर खाऱ्या हवेने पंधरवड्यात काळे ठिपके येतात. कोटिंगवाल्या एलिक्सर दुपटीहून महाग, पण तीनेक महिने टिकतात. पावसाळ्यात बाराऐवजी अकराचा, म्हणजे जरा बारीक तारांचा, सेट लावतो. तेवढीच फळीवरची ओढ कमी.