शाळेत आधी काय आणावे: मारिम्बा की म्बिरा?

झिम्बाब्वेतल्या एखाद्या शाळेत देशी संगीत सुरू करायचे ठरले, की गाडी या दोन वाद्यांपाशी येऊन अडते.

काठ्यांनी वाजवायचा झिम्बाब्वेचा मारिम्बा घडवला गेला तोच मुळी शिक्षणासाठी. १९६०च्या दशकात बुलावायोच्या क्वानोंगोमा संगीत महाविद्यालयाने तो निवडला, कारण देशातल्या दोन मोठ्या समाजांपैकी तो ना शोनांचा होता ना न्देबेलेंचा. कुणाची हरकत येणार नव्हती. सोप्रानो, टेनर, बॅरिटोन, बास असा लाकडी पट्ट्यांचा संच असतो आणि सात-आठ मुले एकदम वाजवू शकतात. बासवरच्या मुलाला मोजकेच सूर असतात, पण तो चुकला की सगळ्यांचीच घडी विस्कटते. वर्ग मोठा असेल तर मी मारिम्बाच घ्या म्हणेन. उणीव एवढीच की त्याचे सूर पाश्चात्त्य सप्तकाचे, आणि जड, महाग संच शाळेतच राहतो.

म्बिरा मुलासोबत घरी जातो. शाळेसाठी त्यातला न्युंगा-न्युंगा हा प्रकार घ्यावा: फळीवर लोखंडाच्या पंधरा पट्ट्या. अंगठे वरून दाबतात, उजवी तर्जनी खालून वर छेडते; सुरुवातीला हे बोट अजिबात ऐकत नाही. म्बिरावादक जेगे तापेरा यांनी क्वानोंगोमात हा म्बिरा शिकवला. पुढे संगीतशिक्षक डुमिसानी मारायरे यांनी पट्ट्यांना आकडे दिले, त्यामुळे पाश्चात्त्य स्वरलिपी न येणाऱ्या मुलालाही धून वहीत उतरवता येते. न्युंगा-न्युंगाचा थोरला भाऊ, म्बिरा द्झावाद्झिमु, बिरा विधीत पितरांना बोलावण्यासाठी वाजतो. मिशनऱ्यांना तो खपत नसे, आणि काही ख्रिस्ती पालक आजही बिचकतात. न्युंगा-न्युंगामागे ते ओझे नाही. दहा-बारा मुले असतील तर माझे मत निःसंशय त्याला.

नाच मात्र ‘नंतर बघू’ म्हणून टाकू नका. मुरेवा भागातल्या म्बेंडे नाचाला एक ढोलवाला, लाकडी टिपऱ्या आणि बायकांच्या टाळ्या पुरतात. मिशनऱ्यांच्या नाराजीमुळे त्याला जेरुसलेमवरून ‘जेरुसारेमा’ हे नाव पडले, तरी नाच टिकला. तो शिकवायला गावातला जाणता माणूस हवा. त्याच्या मानधनाची तरतूद वाद्यखरेदीआधीच करा.

आणि होशो, म्हणजे खुळखुळे, आणाच. वाळक्या भोपळ्यात होटाच्या (कर्दळीच्या) बिया, दोन हातांत दोन. ज्या मुलांच्या वाट्याला वाद्य आले नाही, त्यांनी होशोच्या तालावर उभे राहून पाय टाकावेत.