शिवसागराच्या काठावरील गॅबियन भिंत : दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

बामणोलीजवळ शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठालगत असलेल्या आमच्या शेताचा बांध दरवर्षी ढासळत होता, म्हणून आम्ही साताऱ्यातील एका ठेकेदाराकडून गॅबियन भिंत, म्हणजे दगड भरलेल्या तारेच्या जाळीच्या पेट्यांची भिंत, बांधून घेतली. कोयना धरणाचा साठा सुमारे १०५ टीएमसीचा. पावसाळ्यात पाणी काठोकाठ चढते आणि उन्हाळ्यापर्यंत खूप खाली जाते. ते झपाट्याने उतरते तेव्हा मातीत मुरलेले पाणी तितक्या लवकर बाहेर पडत नाही, त्याचा दाब काठाला आतून ढकलतो, आणि लाटांनी पायथा आधीच पोखरलेला असेल तर काठ खचतो. सिमेंटच्या सलग भिंतीला निचऱ्याची भोके नसतील तर हे पाणी मागे तुंबते. जाळीतील दगडांमधून मात्र ते निथळते आणि मागच्या जिओटेक्स्टाइल कापडामुळे माती जागेवर राहते. पायथा खोल घेण्याचा आणि वरच्या उतारावर वाळा लावण्याचा आग्रह ठेकेदारानेच धरला, याबद्दल मी त्यांचा मनापासून ऋणी आहे.

तक्रार एकच. शेवटच्या दोन पेट्यांत जाळीच्या छिद्रांपेक्षा लहान दगड भरले होते. पहिल्याच पावसात ते निसटले आणि पेट्या पोटात खचल्या. दोनदा सांगितल्यावर त्यांनी जाळी उघडून मोठा काळा दगड हाताने रचून दिला. काठावरच्या जांभळाची उघडी पडलेली मुळे आता मातीखाली आहेत.