'ताओ ते चिंग' वाचायचंय, पण कुणाचं?

दुकानात किंवा किंडलवर नमुना चाळताना आधी ४६वा अध्याय उघडा. 'ताओ ते चिंग' हा लाओ त्झूच्या नावावरचा प्राचीन चिनी ग्रंथ; त्याच्या ८१ अध्यायांतला हा अगदी छोटा अध्याय, पण त्याच्या पहिल्या दोन ओळींत अनुवादकाची कुंडली कळते. मूळ चिनी ओळींचा आशय असा: जगात ताओ, म्हणजे सृष्टीचा सहज मार्ग, नांदतो तेव्हा धावते घोडे माघारी आणून शेतात खताच्या कामाला लावतात; ताओ नांदत नाही तेव्हा लढाईचे घोडे वेशीबाहेर जन्माला येतात. शांतता कशी असते हे सांगायला त्याला घोडा आणि खत एवढं पुरलं. दुसऱ्या ओळीचा एक जुना अर्थ तर अंगावर येतो: लढाई इतकी लांबली, की घोड्याही रणात ओढल्या गेल्या आणि तिथेच व्याल्या.

आता स्टीफन मिचेल यांचं १९८८चं पुस्तक उघडा. इंग्रजीत सर्वाधिक खपणाऱ्या आवृत्त्यांपैकी ही एक, आणि कुणी 'ताओ वाच' म्हणून भेट दिलं तर बहुधा हेच हातात पडतं. त्यात घोडा नाहीच. देश ताओशी जुळलेला असला की कारखान्यांतून ट्रक आणि ट्रॅक्टर बाहेर पडतात. विरुद्ध गेला की शहराबाहेर क्षेपणास्त्रांची स्फोटकं साठतात. ८०व्या अध्यायात छोट्या, संथ देशाचं वर्णन आहे. मुळात तिथले लोक दोरीला गाठी मारून हिशेब ठेवतात, शेजारच्या देशातला कोंबडा आरवलेला त्यांना ऐकू येतो, तरी म्हातारपणापर्यंत कुणी तिकडे फिरकत नाही. मिचेल यांचे लोक शनिवार-रविवार बागकाम करतात.

मिचेल यांना चिनी येत नाही आणि त्यांनी ते लपवलेलंही नाही. शब्दशः अनुवाद समोर ठेवून आणि चौदा वर्षांच्या झेन साधनेच्या भरवशावर त्यांनी हे लिहिलं. भाषा ओघवती आहे, एका बैठकीत पुस्तक संपतं, आणि अडचणीच्या दिवसांत त्याने अनेकांना धीर दिला आहे. त्याचं मोल मी कमी करत नाही. पण ५व्या अध्यायात लाओ त्झू म्हणतो की आकाश आणि पृथ्वीला दयामाया नाही, सगळ्या वस्तू त्यांना गवताच्या कुत्र्यांसारख्या. हे कुत्रे पूजेपुरते सजवायचे आणि पूजा आटोपली की पायदळी तुडवायचे. मिचेल यांच्याकडे त्याचं होतं: ताओ कुणाची बाजू घेत नाही, आणि ज्ञानी माणूसही ती न घेता संत आणि पापी दोघांचं स्वागत करतो. कुत्रे गेले, तुडवणं गेलं, उरलं ते गोड. लाओ त्झूची धार जिथे सर्वात तीक्ष्ण आहे नेमकी तिथेच ती बोथट केली जावी, हे मला मान्य होत नाही.

यावर कुणी म्हणेल, ज्ञानेश्वरांनी तरी सातशे श्लोकांच्या नऊ हजार ओव्या केल्याच ना? केल्या. पण मूळ श्लोक त्यांच्यासमोर होता, आणि आपण सांगतोय ते निरूपण आहे हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक होतं. आपल्या घरात ज्ञानेश्वरी असते आणि विनोबांची गीताईही असते, आणि कुणी एकीला दुसरी समजत नाही. मिचेल वाचायला हरकत नाही, फक्त ते निरूपण म्हणून वाचावं, आणि मूळ काय होतं हे आधी पाहून. ओशोंच्या 'ताओ उपनिषद' या हिंदी प्रवचनमालेलाही हेच लागू. सत्तरच्या दशकात मुंबई-पुण्यात झालेल्या या प्रवचनांतून इकडच्या पुष्कळ वाचकांची लाओ त्झूशी पहिली ओळख झाली.

मग गीताईच्या जागी कोण? माझं उत्तर डी. सी. लाऊ, पेंग्विन, १९६३. लाऊ हाँगकाँगचे, लंडन विद्यापीठात चिनी शिकवणारे. वाक्य कोरडं, ताठ, कुठेही सजावट नाही. आकाश आणि पृथ्वी निर्दय आहेत, हे ते तसंच लिहितात आणि पुढे जातात. एकेक अध्याय म्हणजे निरनिराळ्या काळच्या वचनांची जुळणी आहे असं त्यांचं मत होतं, म्हणून त्यांनी अध्यायांचे आणखी तुकडे पाडून त्यांना स्वतंत्र क्रमांक दिले. सुरुवातीला हे आकडे डोळ्यांत खुपतात. पण दोन ओळींचा संबंध लागत नाही तेव्हा तो ओढूनताणून लावायची गरज नाही, हा दिलासाही तेच देतात. प्रस्तावना मात्र पुस्तक वाचून झाल्यावर वाचा.

लाऊ रुक्ष वाटले तर उर्सुला ले ग्विन. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहिणाऱ्या त्याच. १९९७च्या आपल्या पुस्तकाला अनुवाद म्हणायला त्यांनी स्वतःच नकार दिला, कारण चिनी त्यांनाही येत नव्हतं. इथवर मिचेल यांच्यासारखंच. फरक पुढे आहे. त्यांच्या वडिलांकडे पॉल केरस यांच्या १८९८च्या अनुवादाची प्रत होती, तिच्यात प्रत्येक चिनी अक्षराचा उच्चार आणि अर्थ दिलेला. वडिलांनी आपल्या अंत्यविधीला वाचायचे अध्याय त्याच प्रतीत खूण करून ठेवले होते. ले ग्विन यांनी विशीपासून त्या अक्षरांवर काम केलं, आणि शेवटी चिनीचे प्राध्यापक जे. पी. सीटन यांच्या मदतीने पुस्तक पूर्ण केलं. त्यांच्या ४६व्या अध्यायात घोडे खत वाहतात आणि ताओ सुटला की गावच्या गायरानात लढाईचे घोडे पैदा होतात. गवताचे कुत्रेही जागेवर आहेत. जिथे ओळ वगळली किंवा अर्थ स्वतःचा लावला, तिथे त्या टिपेत तसं सांगतात. मोठ्याने वाचायला यासारखं दुसरं नाही.

जेम्स लेग यांचा १८९१चा अनुवाद नेटवर फुकट मिळतो, म्हणून पुष्कळ जण तिथूनच सुरुवात करतात. लेग ऑक्सफर्डमधले चिनीचे पहिले प्राध्यापक. घोडे त्यांच्याकडे खताच्या गाडीला जुंपलेले आहेत, म्हणजे परीक्षेत ते उत्तीर्ण. पण कंसांची गर्दी आणि मध्येच यमकं जुळवायचा हट्ट, त्यामुळे दहाव्या अध्यायापर्यंत दमछाक होते. अडलेली ओळ ताडून पाहायला ठेवावा. आर्थर वेली (१९३४) यांची लांबलचक प्रस्तावना त्या काळच्या चिनी विचारविश्वाची चांगली ओळख करून देते. अभ्यास करायचा असेल तर जरूर घ्या, नाहीतर थांबलात तरी चालेल.

टीकेसह, म्हणजे भाष्यासह, ग्रंथ वाचायची सवय असलेल्यांना मी रेड पाइन सुचवेन. बिल पोर्टर यांचं हे टोपणनाव. पुस्तक १९९६चं. प्रत्येक अध्यायाला चिनी मूळ, अनुवाद आणि खाली निरनिराळ्या शतकांतल्या चिनी टीकाकारांची निवडक वचनं. त्यांत तिसऱ्या शतकातला वांग बी आहे, जो जेमतेम तेवीस वर्षं जगला आणि ज्याच्या टीकेसोबतचा पाठ पुढे प्रमाण ठरला. टीकाकार एकमेकांना खोडतात, काही तर एकाच ओळीचा उलटा अर्थ लावतात. चार जण जमून आठवड्याला एक अध्याय वाचणार असाल तर हेच घ्या, वाद घालायला पुरेपूर सामग्री आहे.

रॉबर्ट हेन्रिक्स यांचं १९८९चं पुस्तक दुसऱ्या वाचनासाठी. १९७३ साली हूनान प्रांतात मावांगदुई इथल्या, इसवी सनपूर्व १६८ मध्ये बंद झालेल्या थडग्यात रेशमावर लिहिलेल्या दोन प्रती सापडल्या, त्यांवरून ते केलेलं आहे. या प्रतींत पुस्तकाचे दोन भाग उलट क्रमाने येतात, म्हणून हेन्रिक्सही ३८व्या अध्यायापासून सुरू करतात. सगळ्यांना पाठ असलेली 'सांगता येतो तो ताओ खरा ताओ नव्हे' ही ओळ इथे अर्धं पुस्तक उलटल्यावर भेटते.