स्टुका सिम्युलेटरवर उडवताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

घ्यावं की नाही, याचं उत्तर आधीच देतो. हवेत विमानांच्या मागे लागून मारामारी करायची हौस असेल, तर जेयू-८७ चं, म्हणजे सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या जर्मन स्टुकाचं, हे मॉड्यूल (सिम्युलेटरमध्ये जोडायचं विमान) घेऊ नका. नकाशा समोर ठेवून, वारा पाहून, एका पुलावर किंवा एका जहाजावर एकच बॉम्ब नेमका टाकण्यात रस असेल, तर दुसऱ्या महायुद्धातलं याच्या तोडीचं विमान सिममध्ये मिळणार नाही. मी वापरलंय ते डी-३, म्हणजे १९४२ च्या आसपासचं मॉडेल. आधीच्या बी मॉडेलशी त्याचं इंजिन आणि मागची बंदूक सोडली तर वागणं बरंच सारखं आहे.

सामानाचं बोलायचं तर जॉयस्टिक आणि थ्रॉटल असतंच, पण रडर (शेपटीचं उभं सुकाणू) फिरवणारी पायाची पेडल हवीतच. वेग वाढत जातो तसं विमान एका बाजूला ओढायला लागतं. त्या वेळी घसरण दाखवणारा गोळा मध्यावर नसेल, तर निशाणाच्या साइटमधली खूण लक्ष्यावर असूनही बॉम्ब बाजूला जातो. हेड ट्रॅकिंगसुद्धा (डोकं वळवलं की पडद्यावरची नजर फिरवणारं साधन) घ्याच. लक्ष्य बराच वेळ नाकाखाली लपलेलं असतं आणि ते पाहायला पायांमधल्या जमिनीत काचेची खिडकी दिलेली आहे. माउसने नजर फिरवत ती वापरणं म्हणजे निव्वळ छळ.

इंजिन युमो २११ जे. टेकऑफला मिनिटाला २६०० फेरे आणि १.४ ata (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब), तेही एक मिनिटापुरतं. मग २४०० आणि १.२५ वर उतरा आणि धीर धरा. ५०० किलोचा बॉम्ब घेऊन ४००० मीटर गाठायला पाव तास तरी जातो. या काळात रेडिएटरच्या झडपा उघड्या ठेवा. उतरणं मात्र सुखाचं. चाकं आत जातच नाहीत, त्यामुळे ती काढायचं विसरण्याचा प्रश्न नाही. पंख आधी खाली आणि मग वर वळलेले असल्याने चाकांचे पाय आखूड आणि मजबूत आहेत, आणि तरी पोटाखाली मोठ्या बॉम्बला जागा उरते. शेतात आखलेल्या धावपट्टीवरून काम करायला बनवलेलं विमान आहे हे पहिल्याच उतरणीत कळतं. रशियात चिखल साचायचा म्हणून चाकांवरची आवरणं काढून टाकत.

आता मुख्य काम, सूर. खऱ्या वैमानिकाला जो क्रम पाठ असायचा तोच इथे चालतो आणि त्यात कसूर केली की शिक्षा मिळते. फ्लॅप (पंखामागच्या झडपा) आणि पंख्याचा पिच (पात्यांचा कोन) क्रूझवर, म्हणजे साध्या उड्डाणाच्या जागी. एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारं सुकाणू) आणि रडर, दोन्हींच्या ट्रिम, म्हणजे त्यांना जागेवर धरणाऱ्या छोट्या पट्ट्या, क्रूझच्या जागी. कॉन्टॅक्ट अल्टिमीटर (लावलेल्या उंचीला इशारा देणारा उंचीमापक) चालू करून त्यावर बॉम्ब सोडण्याची उंची लावलेली. सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) ऑटोमॅटिक. लक्ष्य पायांमधल्या खिडकीत सरकत आलं की थ्रॉटल पूर्ण मागे, रेडिएटर बंद, डाइव्ह ब्रेक (सुरात वेग रोखणाऱ्या पंखाखालच्या पट्ट्या) बाहेर. मग उलटं होऊन नाक खाली. कॅनॉपीच्या (वैमानिकावरच्या काचेच्या छपराच्या) बाजूच्या काचेवर अंशांच्या लाल रेषा आखलेल्या आहेत. त्यातली हवी ती क्षितिजाशी जुळली की कोन बरोबर.

इथे नवे लोक सर्वांत जास्त चुकतात ते कोनात. ८० अंश म्हणजे सीटच्या पट्ट्यांना लटकल्यासारखं वाटतं, त्यामुळे हात आपोआप ५५-६० वर थांबतो. फरक किती पडतो ते पाहा. ताशी ५४० किलोमीटर वेगाने, ७०० मीटरवर, ८० अंशांत बॉम्ब सोडला तर तो नाकाच्या रेषेच्या जेमतेम १५ मीटर अलीकडे पडतो. तोच ६० अंशांत सोडला तर ६० ते ६५ मीटर अलीकडे. पहिल्या चुकीत पुलाचा खांब तरी हादरेल, दुसरीत नदीतले मासे मरतील. स्टुकाची ख्याती ज्या अचूकतेवर उभी आहे ती या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे. उभ्या सुरात बॉम्बला वाट चुकायला जागाच उरत नाही.

दुसरी चूक वाऱ्याची. ४००० मीटरवरून खाली यायला पंचवीसेक सेकंद लागतात. सेकंदाला १० मीटर वारा असेल तर तेवढ्यात विमान अडीचशे मीटर वाहून जातं. आडव्या वाऱ्यात सूर मारला की तुम्ही सतत नाक दुरुस्त करत राहता, घसरण होते आणि सगळं बिघडतं. वारा नाकावर घेऊनच सूर मारा, म्हणजे दुरुस्ती एकाच दिशेत उरते. आणि दिशा बदलायची ती ऐलरॉनने (पंखांच्या टोकांकडच्या झडपांनी), विमान स्वतःच्या अक्षाभोवती फिरवून. उभ्या सुरात याची ऐलरॉन जड होत नाहीत. पळणाऱ्या जहाजाचं वळण त्यांच्यावरच पकडता येतं.

तिसरी चूक अल्टिमीटरची. तो समुद्रसपाटीपासून मोजतोय आणि लक्ष्य १५० मीटर उंच पठारावर असेल, तर ७०० ला वाजणारा इशारा प्रत्यक्षात ५५० वर वाजतो. शिवाय सुरात काटा खऱ्या उंचीच्या मागे रेंगाळतो. म्हणून लक्ष्याची उंची नकाशावरून काढून मिळवा, आणि वर शंभर मीटर पदरचे ठेवा.

बॉम्ब पोटाखालच्या लांब चिमट्यावर असतो. तो चिमटा झुलून बॉम्बला पंख्याच्या चकतीबाहेर नेतो आणि मग सोडतो. बटण दाबताक्षणी ऑटोमॅटिक यंत्रणा विमान वर ओढायला घेते. डाइव्ह ब्रेक उघडताना ट्रिमची पट्टी नाक जड करून ठेवते आणि बॉम्ब सुटला की ती परत फिरते, एवढंच त्यामागचं तंत्र. म्हणूनच सुरात हाताने ट्रिमला हात लावायचा नाही. लावलात तर एकतर विमान वर येणार नाही, नाहीतर इतकं जोरात येईल की पडदा काळा होईल. यंत्रणा काम करत असताना वर स्टिकही ओढलीत तरी हाच परिणाम. ताशी ५४० वेगाने, पूर्ण ९० अंशांच्या सुरातून, ६ जी ला (अंगावर वजनाच्या सहापट जोर) नाक सरळ होईपर्यंत सव्वाचारशे मीटर उंची जाते. घाबरून ४ जी वर थांबलात तर साडेसहाशेच्या पुढे. खऱ्या वैमानिकांना ४५० मीटर ही खालची मर्यादा दिलेली होती. त्यात हयगय करायला किती कमी जागा आहे, हे हिशेब मांडल्यावर दिसतं.

ही जागा संपली की काय होतं, ते १५ ऑगस्ट १९३९ ला तेव्हाच्या जर्मनीतल्या नॉयहामर इथे दिसलं. युद्धाला अजून दोन आठवडे होते, बड्या अधिकाऱ्यांसमोर प्रात्यक्षिक होतं. ढग ९०० मीटरच्या आसपास संपतील असा हवामानाचा अंदाज होता, प्रत्यक्षात ते जवळजवळ जमिनीला टेकले होते. ढगात सूर मारलेल्या तुकडीतली १३ विमानं जमिनीत घुसली, २६ माणसं गेली. सिममध्ये ढगांचा तळ ८०० वर ठेवून हा प्रसंग करून पाहता येतो. हिरवं दिसल्यावर विचार करायला वेळच मिळत नाही.

नाक क्षितिजावर आलं की ब्रेक आत, थ्रॉटल पुढे, रेडिएटर उघडा. हा शेवटचा भाग लोक हमखास विसरतात आणि घरी येता येता इंजिन उकळतं.

सायरनबद्दल सगळेच विचारतात. पायांवर बसवलेला, ०.७ मीटर व्यासाच्या पंख्यावर फिरणारा भोंगा, वाऱ्यावर चालणारा. सिममध्ये ऐकायला अंगावर येतो, पण तो बसवला की वेगातून २० ते २५ किलोमीटर जातात. आधीच ताशी ४०० च्या घरात असलेल्या विमानाला हा कर परवडत नाही. पुढे पुढे जर्मनांनीही तो काढला आणि बॉम्बच्या शेपटीला शिट्ट्या लावल्या. त्या आवाजाची दहशत खरी होती. मे १९४० मध्ये फ्रान्समधल्या सेदाँजवळ फ्रेंच सैनिकांना बॉम्बपेक्षा या सततच्या किंचाळण्याने जास्त खचवलं. पण आज चित्रपटात कुठलंही विमान खाली कोसळताना तोच आवाज लावतात, त्यामुळे लोकांच्या डोक्यात स्टुका म्हणजे भोंगा एवढंच उरलंय. या विमानाचं खरं वैशिष्ट्य, म्हणजे ते डाइव्ह ब्रेक, कुणाला माहीतच नाहीत.

ब्रेक वेग ५०० ते ६०० मध्ये बांधून ठेवतात, म्हणून निशाण साधायला वेळ मिळतो. पण वर आल्यावर तुम्ही ४०० मीटरवर असता, वेग झपाट्याने उतरत असतो, मागे मशीनगनवाला एकटा. ऑनलाइन सर्व्हरवर शहाणे विरोधक सुरात मागे येतच नाहीत. ते तळाशी वाट पाहतात. १९४० च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश वैमानिकांनी हेच केलं. १८ ऑगस्टला श्टुकागेश्वाडर ७७ या स्टुका दलाची, जोडीला आलेल्या तुकडीसह, शंभराहून जास्त विमानं दक्षिण इंग्लंडमधले गॉस्पोर्ट, फोर्ड, थॉर्नी आयलंडचे तळ आणि पोलिंगचं रडार गाठायला गेली. सोळा कायमची गेली, बाकीचीही अनेक चाळण होऊन परतली. त्यानंतर इंग्लंडवरच्या मुख्य लढाईतून स्टुका मागे घेतलं गेलं. विमान रातोरात बिघडलं नव्हतं. पोलंड आणि फ्रान्समध्ये वरचं आकाश मोकळं करून दिलेलं होतं, इथे ते नव्हतं.

आकाश मोकळं मिळालं की काय होतं, ते भूमध्य समुद्रात पुन्हा दिसलं. १० जानेवारी १९४१ ला ब्रिटिश विमानवाहू जहाज इलस्ट्रियसवर एकापाठोपाठ बॉम्ब बसले. २३ मे १९४१ ला क्रीट बेटाजवळ ‘केली’ नावाची ब्रिटिश विनाशिका बुडाली. तिचा कप्तान लुई माउंटबॅटन, पुढे आपला शेवटचा व्हाईसरॉय. केली पूर्ण वेगात वळण घेत असताना बॉम्ब लागला. वर सांगितलेली ऐलरॉनची युक्ती कशासाठी आहे, ते इथे समजतं.

मराठी वाचकाने मात्र एक तारीख लक्षात ठेवावी, २० जून १९४२. लिबियातल्या तोब्रुकच्या आग्नेय बाजूला ११ व्या भारतीय ब्रिगेडची फळी होती, त्यात ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन. जर्मन सेनापती रोमेलने हल्ल्यासाठी नेमकी हीच बाजू निवडली. पहाटे स्टुका आणि इतर बॉम्बर लाटांमागून लाटा आले. सुरुंग आणि काटेरी तारांचा पट्टा उधळला आणि त्या खिंडारातून पायदळ आणि रणगाडे आत घुसले. वर मित्रराष्ट्रांचं लढाऊ विमान जवळजवळ नव्हतंच. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं, तेहतीस हजारांच्या आसपास सैनिक कैद झाले, त्यात आपलेही. तोब्रुकचा नकाशा असलेल्या सिममध्ये ही मोहीम उडवताना खाली कोण होतं, हे माहीत असायला हवं.

तसंच, सूर मारून बॉम्बफेक हे फक्त जर्मनांचं काम नव्हतं. १९४३-४४ मध्ये भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रन ब्रह्मदेशच्या आघाडीवर व्हल्टी व्हेंजन्स या अमेरिकी विमानावरून हेच करत होत्या. हे विमान सिममध्ये यायला हवं अशी माझी मनापासून मागणी आहे.

३७ मिलिमीटरच्या दोन तोफांचं जी मॉडेल ज्यांना हवंय त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रत्येक तोफेला फक्त १२ गोळे, पंखाखाली मोठं ओझं, आणि रणगाड्याच्या मागून, इंजिनाच्या बाजूने, अगदी जवळ जाऊनच मारा. पुढून चिलखत फुटत नाही. स्टुकाचा जर्मन वैमानिक रुडेल याच्या नावावर २५३० उड्डाणं आणि ५१९ रणगाडे सांगतात. रणगाड्यांचा आकडा दावा म्हणूनच वाचा, कारण धूर आणि धुळीत हवेतून केलेली मोजणी नेहमी फुगते. आणि हा माणूस युद्धानंतरही उघड नाझी राहिला, हे त्याचे पराक्रम पसरवणाऱ्यांनी विसरू नये.

सिमच्या उणिवा: संगणकाने चालवलेला मागचा मशीनगनवाला एकतर अचूक मारतो किंवा झोपलेला असतो, मधलं काही नाही. विमानविरोधी तोफा सुरातल्या विमानाला गरजेपेक्षा लवकर शोधतात. त्यावर उपाय म्हणजे मोहीम बनवताना तोफांचं कौशल्य एक पायरी खाली ठेवा.

सरावासाठी ही मांडणी घ्या: वारा शून्य, ४००० मीटर, समुद्रसपाटीवरचं थांबलेलं जहाज, अल्टिमीटर ८०० वर, बॉम्बचा फ्यूज थोड्या विलंबाचा. बॉम्ब तीसेक मीटरच्या वर्तुळात सलग पडायला लागले की मग वारा लावा, मग जहाज चालू करा, आणि लढाऊ विमानं सगळ्यात शेवटी.