मोनो पर्क की टॉपकॉन? खानदेशातल्या गच्चीचा हिशेब

गच्चीवरच्या सोलरची दोन कोटेशनं समोर ठेवून डोकं धरून बसला असाल, तर आधी टेप घेऊन गच्चीवर जा. एकात ५४० वॅटचं मोनो पर्क, दुसऱ्यात ५८० वॅटचं टॉपकॉन; ही सोलर पॅनेलच्या सेलची दोन तंत्रं, सेल म्हणजे वीज बनवणारी सिलिकॉनची चकती. दोन्ही पॅनेलं मापाला सारखीच, साधारण २.२८ बाय १.१३ मीटर. सहा लावली तर पर्कची ३२४० वॅट होतात, टॉपकॉनची ३४८०. एकवीस टक्के आणि साडेबावीस टक्के कार्यक्षमता म्हणतात ती एवढीच: तेवढ्याच जागेत २४० वॅट जास्त. 'तीन किलोवॅटच्या टॉपकॉनमधून चारची वीज निघते' असं कुणी सांगितलं, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

फरक येतो सेलच्या मागच्या बाजूने. पर्कमध्ये धातू काही ठिकाणी थेट सिलिकॉनला टेकतो आणि तिथे थोडी वीज जिरते. टॉपकॉनमध्ये मधे एक-दोन नॅनोमीटरचा ऑक्साईडचा थर असतो. इलेक्ट्रॉन त्यातून पार होतात, धातू मात्र सिलिकॉनला शिवत नाही.

आता आपलं ऊन. पॅनेलवरचे वॅट २५ अंशांना मोजलेले असतात. भुसावळच्या मे महिन्यात दुपारी सेल ६५ अंशांवर सहज जातो. पर्क दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के उतरतं, टॉपकॉन ०.३०. वरच्या चाळीस अंशांचे झाले १४ आणि १२ टक्के. म्हणजे टॉपकॉन पुढे आहे, पण दोनच टक्क्यांनी. पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवलं, खाली हवा खेळली नाही, तर हे दोन टक्के तिथेच गेले. स्ट्रक्चर उंच करायला लावा. खाली गच्चीला चुना मारलात तर दोन्ही बाजूंनी वीज देणारं टॉपकॉन मागूनही बरं कमावतं. पर्कची पाठ त्या मानाने कमजोर. मात्र दोन्हीकडून काच असलेलं पॅनेल जड असतं, जुन्या पत्र्याच्या शेडवर आधी खालचे लोखंडी अँगल तपासा.

माझं मत? शेतात, मळ्यात जागा पडून आहे तिथे पर्क स्वस्त मिळत असेल तर खुशाल घ्या, एखादं पॅनेल जास्त लावा. गावातल्या छोट्या गच्चीवर टॉपकॉन. आमच्याकडे हा निर्णय आईने केला: उन्हाळ्यात बिबडे आणि कुरडया वाळवायला दोन खाटांची जागा सुटली पाहिजे, बाकी तुमचं काय ते बघा. टॉपकॉनची पाचच पॅनेलं बसवली, २९०० वॅट झाले, खाटा राहिल्या.

धुळीचं मात्र दोघांनाही सारखंच. बोअरच्या जड पाण्याने भर उन्हात धुऊ नका, पांढरे डाग बसतात. सकाळी धुवा आणि पुसून घ्या.

पीएम सूर्यघर या केंद्राच्या घरगुती सोलर योजनेचं अनुदान (तीन किलोवॅटला ७८ हजार) घ्यायचं असेल, तर सेल भारतात बनलेले हवेत. कोटेशनवर 'डीसीआर' (म्हणजे देशी बनावटीची अट पाळणारं पॅनेल) लिहून घेतल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स देऊ नका.