सिबिल साफ करून देतो म्हणणाऱ्यांपासून सांभाळा

आमच्या ह्यांचा ट्रक खाणीवर होता. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या आणि गोव्यातल्या डिचोली-सत्तरीत पुष्कळ घरांचं झालं तेच आमचंही झालं. ट्रक दारात उभा आणि हप्ता डोक्यावर. शेवटी बँकेने थोडी रक्कम सोडली, बाकीची आम्ही ट्रक विकून भरली आणि खातं मिटलं. हे आता एका शाळेचा बालरथ, म्हणजे मुलांची बस, चालवतात, मी शिवणकाम करते, सरकारच्या गृह आधार योजनेचे महिन्याला दीड हजार येतात. घर चालतं, शिल्लक मात्र पडत नाही.

जुना पिकअप घेऊन सुट्टीच्या दिवशी भाडी मारावीत असा विचार होता. पतसंस्थेत गेलो तर त्यांनी कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, सिबिल ५६१ आहे, एवढ्यावर जमणार नाही. हा आकडा म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्याचे गुण, तो ३०० ते ९०० मध्ये असतो आणि साडेसातशेच्या आसपास असला की कर्ज सहज मिळतं, एवढं तिथेच कळलं. तो कसा सुधारायचा ते मात्र कुणी सांगितलं नाही. ते सांगणारा साखळीच्या बसस्टँडवर कागद चिकटवून गेला होता: ‘सिबिल खराब? ३० दिवसांत ७५०.’

फोन केल्यावर माणूस घरी आला. बोलणं गोड, हातात फायली, आणि चहा पिता पिता त्याचं सासर आमच्या वाड्याच्या पलीकडेच निघालं. गोव्यात विश्वास बसायला एवढं पुरतं. ‘वयनी, तुमी कांयच भिवूं नाकात,’ म्हणाला.

त्याने ह्यांच्या नावाचा, कर्जांच्या नोंदींचा रिपोर्ट स्वतःच्या मोबाईलवर काढला आणि दोन ओळी दाखवल्या. एक ट्रकच्या कर्जाची, तिच्यापुढे ‘सेटल्ड’ लिहिलेलं, म्हणजे पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेलं. दुसरी स्कूटरच्या कर्जाची. ते आम्ही कधीच फेडलंय, फायनान्सवाल्याचं एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं पत्र, कपाटात आहे, तरी रिपोर्टमध्ये ११,४०० रुपये बाकी दिसत होते. ही चूक खरीच होती. तिच्यावरच त्याचा सगळा धंदा उभा होता. इतकी वर्षं जे आम्हाला कळलं नाही ते ह्याने पाच मिनिटांत दाखवलं, म्हणजे माणूस जाणकार, असं कुणालाही वाटेल. दोन्ही ओळी पुसून देतो म्हणाला. फी ९,००० रुपये. अर्धी त्याच दिवशी घेतली, पॅन आणि आधारच्या झेरॉक्ससकट. पावतीवर ‘सल्ला फी, परत मिळणार नाही’ असा शिक्का होता.

काही आठवड्यांनी व्हॉट्सअॅपवर चित्र आलं. हिरवा काटा, आकडा ७६८, वर ह्यांचं नाव. आम्ही उरलेली फी दिली. ह्यांच्या पॅनवर मध्ये वडिलांचं नाव आहे आणि चित्रात ते नव्हतं, हे नंतर भाचीने दाखवलं. कुठल्या तरी दुसऱ्याच रिपोर्टवर ह्यांचं नाव चिकटवलं होतं.

खरा घाव त्यानंतरचा. तो परत आला आणि म्हणाला, आकडा वर आलाय, पण टिकायचा असेल तर एक छोटं कर्ज चालू दिसायला हवं. पैसे कंपनीचेच, तुमच्या खात्यातून फक्त फिरतील, तीन महिन्यांत आम्हीच बंद करू. ह्यांचा फोन त्याने हातात घेतला, एक अॅप टाकलं, ह्यांचा फोटो काढला. दोन ओटीपी आले, एक आधारचा आणि एक बँकेचा. फोन त्याच्याच हातात, मेसेज इंग्रजीत, तेव्हा वाचलेही त्यानेच. पहिल्या ओटीपीने कर्जाच्या करारावर सही झाली, दुसऱ्याने ह्यांच्या पगाराच्या खात्यातून दर महिन्याला हप्ता आपोआप कापायची परवानगी गेली. कर्ज ३०,००० चं. प्रोसेसिंग फी कापून बाकीचे खात्यात आले आणि त्याने दिलेल्या यूपीआयवर त्याच संध्याकाळी गेले.

पुढच्या महिन्यात २,८५० रुपयांचा हप्ता लागला. खात्यात तेवढे नव्हते, तो परत गेला, वर बँकेचा दंड. त्या माणसाचा फोन बंद.

माझी भाची पर्वरीला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. तिने रिपोर्ट नव्याने काढला, फुकट. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा हे रिपोर्ट ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो. साइटवर पैसे भरायच्या योजनाही असतात, मोफतची लिंक नीट बघून घ्यावी. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने आकडा खाली जात नाही. ही भीतीसुद्धा त्या माणसानेच घातली होती, ‘तुमी उघडून बघू नका, उतरेल’ म्हणून.

भाचीने आम्हाला आधी संपर्काचा भाग दाखवला. ह्यांच्या नावाखाली एक अनोळखी मोबाईल नंबर आणि कधी न ऐकलेला ईमेल. एखादी बँक तुमचा रिपोर्ट बघते तेव्हा तुम्हाला मेसेज किंवा ईमेल यायला हवा. आमचे इशारे त्याच्याकडे जात असणार, कारण आम्हाला एकही आला नव्हता. खाली चौकश्यांच्या यादीत आम्ही नावही न ऐकलेल्या कर्ज कंपन्या ओळीने होत्या. त्याने जिथे जिथे अर्ज टाकून पाहिले तिथली नोंद राहिली होती, आणि अशा अर्जांनी आकडा आणखी उतरतो. स्कूटरची चूक जशीच्या तशी. एनओसी त्याने मागितलंच नव्हतं, म्हणजे त्याला ती दुरुस्त करायचीच नव्हती.

ती दुरुस्त झाली भाचीमुळे. साइटवर तक्रार टाकली, एनओसी जोडलं, एक रुपया लागला नाही. सिबिल स्वतःहून आकडा किंवा नोंद बदलत नाही. ते कर्ज देणाऱ्याला विचारतात, त्याने होकार दिला की नोंद बदलते. हे ३० दिवसांत व्हायला हवं. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळावी असा नियम २०२४ च्या एप्रिलपासून आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तीही मोफत.

ट्रकची ओळ मात्र राहिली, कारण ती खरी आहे. बँकेत जाऊन विचारलं. सोडलेली रक्कम भरलीत तर ‘क्लोज्ड’ करून देऊ, म्हणाले. तेवढे पैसे आमच्याकडे नाहीत. पण ज्यांची सुटलेली रक्कम चार-पाच हजारांची आहे त्यांनी जरूर विचारावं आणि नो ड्यूजचं, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र हातात घेतल्याशिवाय उठू नये. खरी नोंद पुसून देणारा एजंट जगात नाही, मग तो बँकेत माझा माणूस आहे म्हणो की आणखी काही.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० नंबरवर फोन केला, पोलीस स्टेशनात लेखी दिलं. पैसे अजून आलेले नाहीत. कर्ज कंपनीने उत्तर पाठवलं की ओटीपी तुमच्याच फोनवरचा, तेव्हा कर्ज तुमचंच. भांडण चालू आहे, पण हप्ता आम्ही भरतोय. तो थकला तर आधीच्यात आणखी एक लाल ओळ वाढेल. चवथीच्या आधी ब्लाउजांची कामं बरी मिळाली, त्यातून दोन हप्ते निघाले. भाची आता मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड घ्या म्हणते: ठेव तारण असते म्हणून खराब सिबिललाही ते मिळू शकतं, त्यावर फक्त गॅसचा सिलिंडर घ्यायचा आणि बिल पूर्ण भरायचं. ठेवीपुरते पैसे जमले की बघू.

कुणी असल्या माणसाला आधीच कागद दिले असतील तर आजच रिपोर्ट काढा आणि नंबर-ईमेल तुमचाच आहे का ते बघा. आणि न मागितलेलं कर्ज खात्यात येऊन पडलं तर ते पैसे कुणाच्याही यूपीआयवर पाठवू नका. अॅपवरच्या कर्जाला माघार घ्यायची मुदत असते, निदान एक दिवसाची तरी. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचं व्याज थेट कर्ज कंपनीला परत केलं तर दंड न भरता कर्ज मोडतं. आमच्याकडे ती संध्याकाळ होती, पण हा नियम आम्हाला कुणी सांगितला नव्हता.