जुना अल्बम: मोबाइलने टिपावा की स्कॅनरवर ठेवावा?

आईच्या लग्नाचा अल्बम काळ्या पानांचा. कोपऱ्यांत खोचलेले फोटो, मधे पातळ बटर पेपर. गेल्या दिवाळीत तो आधी मोबाइलने टिपला, मग फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेच्या, स्कॅनरवर घेतला.

मोबाइलने काम झटपट उरकतं. पण चकचकीत कागदावर ट्यूबलाइटचा पट्टा उमटतो, कडा तिरक्या येतात. खिडकीपाशी, थेट ऊन नसताना, फ्लॅश बंद ठेवून काढलं तर बरंच निभावतं.

स्कॅनरला वेळ लागतो, बोटांचे ठसे पुसत काच सारखी साफ करावी लागते. तरी फरक लख्ख दिसतो. ४ बाय ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके, घेतला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. आईच्या नथीतला मोती न् मोती मोजता आला. मोबाइलच्या प्रतीत तिथे नुसता पांढरा ठिपका होता! निगेटिव्ह असतील तर फिल्ममधून आरपार प्रकाश टाकणारा स्कॅनरच हवा, आणि रिझोल्यूशन २४०० डीपीआयच्या खाली नको.

मात्र फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, चित्राचा थर काचेवरच राहू शकतो. तिथे काचेसकट मोबाइलनेच टिपलेला बरा.

मी तरी लग्न, मुंज आणि आजी-आजोबांचे मोजके फोटो स्कॅनरवरच घेईन. सहलींच्या ढिगाला मोबाइल पुरे. आणि फोटोची पाठ जरूर बघा. आजीने पेन्सिलने लिहिलेलं ‘बाळूची मुंज, १९६८’ मी तेवढ्याच जपून स्कॅन केलं.